सर्वस्वी अवलंबून

लग्नाच्या मांडवात माइक धरून उभं राहणं हे पोट भरायचं काम आहे, हे आमच्या नातेवाइकांना इतक्या वर्षांत कधी पटलं नाही. "सध्या काय करतोस?" हा प्रश्न मला प्रत्येक लग्नात विचारला गेला, तोही माइक खाली ठेवून मी घोटभर पाणी पीत असताना. आमच्या नाशिक जिल्ह्यातलं लग्न ज्यानं पाहिलंय त्याला फार सांगायला नको. मुहूर्ताची वेळ टळून गेलेली असते, नवरदेव लॉन्सच्या गेटबाहेर डीजेपुढे अडकलेला असतो, आणि तोवर मांडवातल्या माणसांना धरून ठेवणं हे निवेदकाचं काम. कोणते आमदार आले, कुठले सरपंच आले, मुलीचे मामा कुठे असतील तिथून त्यांनी स्टेजकडे यावं. एखाद्या चेअरमनचं नाव चुकून राहिलं तर ते न जेवता निघून जातात आणि मुलीचा बाप वर्षभर तुमच्या नावानं बोटं मोडतो. मग मंगलाष्टकं. ती मी स्वतः गायचो. लग्न नसेल तेव्हा दशक्रियेला बोलायचो. आवाज तोच, फक्त थोडा खाली उतरवायचा.

माझं स्वतःचं लग्न मात्र झालं नाही. "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण," असं मावशी मला तोंडावर म्हणायची आणि मीही हसायचो. हसण्यावारी न्यायचं नाही तर काय करायचं? हल्ली मुलीकडची माणसं चहाचा कप हातात घ्यायच्या आधी विचारतात, नोकरी कुठे? मी म्हणायचो, मी निवेदक आहे. ते म्हणायचे, ते कळलं, पण नोकरी कुठे? चातुर्मासात मला काम नसतं आणि लग्नसराईत मला घर नसतं, हे त्यांना मी कसं सांगणार होतो! घसा बसला की माझी कमाई बसते, हेही सांगण्यासारखं नव्हतं.

आमचं घर सिडकोत. मूळ गाव कळवणच्या बाजूला. वडील आम्ही लहान असतानाच गेले. घरात आई, मी आणि माझा धाकटा भाऊ. तो स्पर्धा परीक्षा देत होता ती सगळी वर्षं घर माझ्या आवाजावर चाललं. मग तो एका सरकारी कार्यालयात लिपिक म्हणून लागला आणि आमच्या घरात पहिल्यांदा महिन्याच्या महिन्याला पगार यायला लागला. रजा, दवाखान्याचा खर्च, शनिवार-रविवार, हे सगळं त्याच्याकडे होतं. तो मला म्हणायचा, "दादा, तुला आजारी पडायचीसुद्धा सोय नाही. एखाद्या पतसंस्थेत बघू का तुझ्यासाठी?" मी चिडायचो. मला चिडायला वेळ लागत नाही. मी म्हणायचो, "दिवसभर शिक्के मारून तुझा घसा तरी वापरला जातो का रे?" तो हसायचा आणि डबा घेऊन जायचा.

खरं सांगायचं तर मला ते काम आवडायचं. भर उन्हात हजारभर माणसं बोलत असतात, पोरं रडत असतात, वाढपी ओरडत असतात, आणि मी पहिलं मंगलाष्टक उचललं की सगळा मांडव गप्प होतो. अक्षता मुठीत धरून माणसं माझ्या तोंडाकडे बघतात. तो सगळा मांडव तेवढ्यापुरता माझा असतो. ही गोष्ट कुठल्या पगारात बसवायची ते मला कधी समजलं नाही.

भावाला नोकरी लागल्यावर त्याच्यासाठी स्थळं येऊ लागली. तो सगळ्यांना एकच उत्तर द्यायचा, आधी दादाचं. आमच्यात थोरला बसलेला असताना धाकट्याला बोहल्यावर चढवलं तर लोक थोरल्यातच काहीतरी खोट आहे असं धरून चालतात. मग थोरल्याचं उरलंसुरलं जमायचंही राहतं. मी त्याला कितीदा सांगितलं, बाबा, तू करून घे, माझं काही खरं नाही. तो ऐकायचा नाही. आई दोघांकडे आळीपाळीनं बघायची आणि पोळ्या लाटायची.

पावसाळा संपता संपता त्याला ताप आला. डेंग्यू निघाला. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं, आठवड्याच्या आत तो गेला. याहून जास्त मला त्याबद्दल लिहिता येत नाही. मी इतरांच्या मरणावर इतकं बोललोय की माझ्याकडे त्याच्यासाठी न वापरलेलं वाक्यच शिल्लक नव्हतं.

दशक्रिया गोदाकाठी झाली. माइक माझ्याच हाताखाली तयार झालेल्या एका तरुण निवेदकाकडे होता. त्यानं मला विचारलं, "सर, तुम्ही दोन शब्द बोलणार का?" मी नकारार्थी मान हलवली. त्यानं माझ्या भावाच्या नावाआधी 'कैलासवासी' म्हटलं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर पोरगा शब्द फार घाईनं उच्चारतोय. मला स्वतःचीच घृणा वाटली. पण सवय म्हणजे सवय.

श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. आमच्या भागातले एक माजी नगरसेवक उठले. त्यांनी माइक घेतला आणि म्हणाले, "या माउलीचा आधार गेला. पण या गोदामाईच्या साक्षीनं मी शब्द देतो, ही नोकरी या घराबाहेर जाऊ देणार नाही. थोरला भाऊ त्या जागेवर बसलेला तुम्हा सर्वांना दिसेल." मागे कुणीतरी टाळी वाजवली आणि मग जागेचं भान येऊन थांबला.

मला त्यात काही नवल वाटलं नाही. दशक्रियेच्या माइकवरून मी रस्ते, सभामंडप, वाचनालयं, काय काय जाहीर होताना ऐकलंय. त्या शब्दांचं वजन किती ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? पण बायकांच्या घोळक्यात बसलेल्या आईनं पदरातून डोकं वर काढलं होतं. दहा दिवसांत तिनं पहिल्यांदा कुणाचं तरी बोलणं ऐकलं होतं.

नियम खरोखरच तसा निघाला. नोकरीत असताना माणूस गेला की त्याच्या घरातल्या एकाला अनुकंपा तत्त्वावर नोकरी मिळते. लग्न झालेलं असतं तर ती त्याच्या बायकोची झाली असती. त्याचं लग्न झालं नव्हतं, म्हणून भावाची. आणि त्याचं लग्न माझ्यामुळे झालं नव्हतं. हा हिशेब मी कुणाला बोलून दाखवला नाही, पण तो केल्याशिवाय माझा एकही दिवस गेला नाही.

नातेवाइकांना मात्र सगळं सोपं दिसत होतं. मामा म्हणाले, "जाता जाता तुझं कल्याण करून गेला बघ." मी पाण्याचा तांब्या आपटला आणि उठून गेलो. मागून ते आईला म्हणाले, "याला शहाणपण कधी यायचं? पन्नाशीत घसा गेल्यावर?" आणि ते चूक बोलत नव्हते. आईला साखरेचा आजार आहे. भावाच्या नोकरीवर तिची औषधं, तपासण्या, सगळं निर्धास्त चालू होतं. आता लग्नसराईत चालायचं आणि चातुर्मासात रडतखडत. नोकरी मला नको होती, पण तिला हवी होती. तसं ती एकदाही म्हणाली नाही, म्हणून तर नाही म्हणणं आणखी अवघड झालं.

शेवटी मी त्या कार्यालयात गेलो. भावाच्या शेजारच्या टेबलावरचा एक सहकारी होता, भला माणूस. त्यानं मला चहा पाजला, नियम समजावला आणि एक शब्द दोनदा उच्चारला. मृत कर्मचाऱ्यावर सर्वस्वी अवलंबून असलेला भाऊ. तसं प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल.

"तुम्ही काय करता?" त्यानं विचारलं.

"निवेदक आहे."

"म्हणजे ठरावीक उत्पन्न असं काही नाही?"

"ठरावीक नाही. पण काम आहे. वीसेक वर्षं करतोय."

"त्याचा काही कागद? पगारपत्रक, नोंदणी?"

"नाही."

"मग उत्तम," तो म्हणाला आणि खरंच मोकळा हसला. "काहीच नाही असं लिहू. कमावते असता तर अडचण झाली असती."

माझा पारा चढला. काहीच नाही म्हणजे काय, असं मी विचारणार होतो. पण तो माझ्या भावाचा मित्र होता, माझ्या भल्याचंच बघत होता, आणि त्याच्या पलीकडच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर भावाचा नॅपकिन अजून वाळत घातलेला होता. मी सही केली.

काही आठवड्यांनी घरी चौकशीला एक अधिकारी आले. मामांनी आईला आदल्या दिवशीच पढवून ठेवलं होतं. अधिकारी कॉटवर बसले, मी दाराशी उभा राहिलो. त्यांनी आईला विचारलं, "बाई, घर कोण चालवायचं?"

आई म्हणाली, "धाकलाच बघायचा सारं. किराणा, लाइट बिल, माझी औषिधं."

"आणि हे थोरले?"

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. "ह्यो? ह्यो काय करतोय. बोलत फिरतो लोकांच्या लग्नात."

"त्याचे पैसे मिळत असतील ना?"

"छ्या! हौस हाय त्याला. मिळाला तर फेटा-नारळ. याला बी धाकलाच पोसायचा."

ती अगदी शांतपणे बोलली, कुठे अडखळली नाही. भाऊ अभ्यास करत होता तेव्हा याच बाईनं माझ्या घशाला रोज हळद-गुळाचं पाणी करून दिलं होतं आणि बाहेरगावच्या लग्नाला जाताना माझा जोधपुरी इस्त्री करून ठेवला होता. अधिकाऱ्यांनी मान डोलावली, पाणी प्यायले आणि निघून गेले.

ते गेल्यावर मी आत गेलो. ती ओट्याला धरून उभी होती. म्हणाली, "येक पोरगं देवानं नेलं. दुसरं आज म्या माझ्या तोंडानं पुसून टाकलं रं." मी म्हटलं, "आई, सांगायचंच होतं तसं." ती म्हणाली, "सांगायचं व्हतं, पन इतकं सरळ कसं निघालं माझ्या तोंडातून?" आणि ती खूप रडली. तिच्या बोलण्यात खरं किती होतं आणि पढवलेलं किती, हे मी तिला पुढे कधी विचारलं नाही. उत्तराची भीती वाटली.

नाव यादीत लागलं. मधल्या काळात मी लग्नं लावत राहिलो, पण आधीसारखी नाही. 'काहीच नाही'वर सही केलेली असली की माइक हातात जड लागतो. पुढच्या वर्षी आदेश आला. महिन्याभरात हजर व्हायचं होतं. एकदा तिथे बसलो की मांडव बंद, हे मला स्वच्छ ठाऊक होतं. सरकारी नोकराला बाहेर पैसे घेऊन बोलता येत नाही, आणि फुकट बोलायची मला सवय नाही. आदेश मी कपाटात ठेवला आणि हो-नाही करत दिवस काढू लागलो.

मी ठरवलं नसलं तरी गावानं ठरवलं होतं. आदेश आल्याची बातमी फिरली आणि ज्या घराची पायरी स्थळं विसरली होती तिथे मध्यस्थ येऊ लागले. त्यातलं एक स्थळ नामपूरचं होतं. आई म्हणाली, "बघून तर येऊ." तिचा शब्द मोडवला नाही. आम्ही एसटीनं गेलो. मुलीचे वडील कांद्याचे व्यापारी, माणूस दिलखुलास. मला शेजारी बसवून घेत म्हणाले, "आते नोकरी शे, आखो काय पाहिजे?" आता नोकरी आहे, मग आणखी काय हवं, असा त्यांचा हिशेब. पोहे आले, मुलगी आली, आईनं तिला नाव-शिक्षण विचारलं. ती तिथल्याच एका शाळेत शिकवत होती. मग रिवाजाप्रमाणे आम्हा दोघांना बोलायला वरच्या खोलीत पाठवलं.

मी आयुष्यभर अनोळखी माणसांशी बोलत आलो, पण तिथे मला सुचेना. मी विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय का माझ्याबद्दल?"

ती म्हणाली, "नाही. तुमचा आवाज मी आधी ऐकलाय. त्यांनी पाठवला होता."

"कुणी?"

तिनं माझ्या भावाचं नाव घेतलं.

मी खुर्चीवर बसलो. ती उभीच राहिली आणि सावकाश सांगू लागली. तीन वर्षांपूर्वी तिच्या वडिलांनी त्याच्यासाठी विचारलं होतं, आणि आमच्याकडून 'आधी थोरल्याचं' असं नेहमीचं उत्तर गेलं होतं. पण त्यानं मध्यस्थाकडून तिचा नंबर मिळवून तिला स्वतः फोन केला. म्हणाला, थोडं थांबाल का? ती म्हणाली, थांबते. त्यानंतर ते अधूनमधून बोलायचे. घरात कुणाला माहीत नव्हतं. एकदा तिनं विचारलं, तुमचा दादा करतो तरी काय की त्याचं जमत नाही? तेव्हा त्यानं माझी मंगलाष्टकं पाठवली. खाली लिहिलं होतं, हे करतो. असा आवाज अख्ख्या जिल्ह्यात नाही. आपल्या लग्नात हाच म्हणणार.

"तुम्हाला नोकरी मिळाली म्हणून बाबा पुन्हा तुमच्याकडे आले," ती म्हणाली. "त्यांना वाटतं घर तेच, नोकरी तीच. मला कुणी विचारलं नाही. मी नाही म्हटलं तर इथे ऐकून घेणार नाहीत. तुम्ही म्हणा."

मी म्हटलं, "मी नाही म्हटलं तर तुम्हाला बोल लागेल."

"लागू दे," ती म्हणाली.

मी खाली आलो आणि तिच्या वडिलांना हात जोडून सांगितलं की मुलगी लाखात एक आहे, पण माझंच लग्नाचं मन राहिलेलं नाही. तुमचा वेळ घेतला, माफ करा. त्यांचा चेहरा पडला. मध्यस्थ माझ्यावर भडकला. आई उठली आणि तिनं चपला घातल्या.

एसटीत खिडकीशी आई बसली. बस नामपूरच्या बाहेर पडली तेव्हा तिनं विचारलं, "काय खोट व्हती पोरीत?"

मी तिला सगळं सांगितलं. फोनचं, थांबण्याचं, मंगलाष्टकांचं. ती ऐकत राहिली. मग मी म्हटलं, "सोमवारी हजर होतो मी नोकरीवर." मला दुसरा मार्ग नव्हता. स्वतःच्या पोराला तोंडानं पुसून तिनं ती नोकरी आणली होती, ती परत कुठल्या तोंडानं करायची? "नोकरी घेतो आई. पण ती पोरगी त्याची आहे. एवढं तरी त्याचं त्याला राहू दे."

आईनं मान डोलावली. मग माझ्या बाहीला धरून तिनं हळूच विचारलं, "कशी व्हती रं ती? म्या नीट बघितलीच नाय. तुझ्यासाठी बघत व्हते, तुझ्याच तोंडाकडं बघत बसले."

मग मी तिला सांगू लागलो. उंच आहे. रंग तुझ्यासारखा. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघते. हातात एकच बांगडी घालते आणि ती सारखी मनगटावर मागे सारते. आवाज बारीक आहे, पण वाक्य पुरं करते. आई मध्येच विचारायची, केस? हसली का? आणि मी सांगायचो. उभ्या जन्मात इतक्या नवऱ्या मुलींची ओळख करून दिली, पण इतकं जपून बोललो नव्हतो. सटाणा गेलं, देवळा गेलं, नाशिक येईपर्यंत मी आईला तिची धाकटी सून सांगत होतो.